सळई

जावई म्हणाला, "फुकटात पडला, बाबा."
वर्सोव्याचा एक बंगला पाडायला काढला होता,
तिथून ओशिवऱ्याच्या भंगारवाल्याने टब उचलला,
भंगारवाल्याकडून हेरंबने.
टेम्पोतून उतरवायला सहा माणसं लागली आणि बऱ्याच शिव्या.
आता आमच्या कांजूरच्या मागच्या अंगणात
तो बसलाय, निळा, अवाढव्य,
दुसऱ्याची म्हैस आपल्या दावणीला बांधावी तसा.

आईंच्या गुडघ्यांसाठी, म्हणे.
गरम पाणी, बुडबुडे.
प्रमिला दारात उभी राहून एवढंच म्हणाली,
"याला पाणी किती लागतं?"

अकराशे लिटर.
रात्री भरला. सकाळी वीतभर उतरलेला,
जास्वंदीच्या बुंध्याशी चिखल.

मी चौतीस वर्षं जलखात्यात चावीवाला.
पहाटे साडेचारला रस्त्यातलं झाकण उचलायचं,
लांब दांड्याची चावी घालायची, फेरे मोजायचे.
सतरा फेरे, की नळांवर भांडणं सुरू.
गळती शोधायला लोखंडी सळई असायची,
एक टोक जमिनीला, एक कानाला.
वाहतं पाणी एका सुरात बोलतं.
गळतं पाणी दात पडलेल्या माणसासारखं, फस्स, फस्स.
निवृत्तीला शाल-नारळ मिळाला.
सळई मी न विचारता आणली.

तीच टबच्या पोटाला लावली.
आत पिवळा फोम, त्यात पाइपांचं जंजाळ.
सुरीने कोरत गेलो, खरवसाच्या वड्या पाडाव्या तसा.
तिसऱ्या जेटच्या मागे, वळणावर,
केसाएवढी चीर.
खात्री म्हणून पाण्यात
रंगपंचमीचा उरलेला गुलाबी सोडला.
चिरेने लगेच कबूल केलं.

पाइप परदेशी, इंचांतला.
नागदेवी स्ट्रीटला दोन दुकानदार म्हणाले,
त्रेसष्ट एमएम घ्या, तीन मिलिमीटरने काय होतंय?
तीन मिलिमीटरने आख्खी गल्ली बुडालेली
मी पाहिली आहे.
तिसऱ्या दुकानातल्या बोहरी म्हाताऱ्याने
खोक्याच्या तळातून कपलर काढला,
फुंकर मारून हातात दिला.

चिरेच्या अलीकडे कापलं, पलीकडे कापलं.
कडा पॉलिश पेपरने घासल्या,
जुन्या पातळाच्या तुकड्याने कोरड्या केल्या.
सोल्युशन लावून, पाव फेरा देऊन दाबलं
आणि तीस आकडे होईपर्यंत धरून ठेवलं.
लोक सोडायची घाई करतात. सांधा तिथेच फसतो.

माझ्या मागे प्रमिलाही मोजत होती.
"अठरा लिटरचा हंडा. म्हणजे एकसष्ट हंडे,
वर तांब्या-दोन तांबे."

भांडुपच्या टेकडीवर राहायचो तेव्हा
आमच्या घरापर्यंत पाणी चढत नसे.
चावी माझ्या हातात,
आणि माझी बायको एकशे बारा पायऱ्या,
डोक्यावर एक, कमरेवर एक.
शेजारणी हसायच्या, नवरा तर पाणीवाला!
एक फेरा जास्त दिला असता तर
कदाचित चढलं असतं,
खालच्या चाळीचं तेवढं कमी झालं असतं.
दिला नाही.
त्याचा मला अभिमान होता.
गुडघे तिचे होते.

चोवीस तास थांबलो. भरला. उतरला नाही.

पहिल्या दिवशी तिने त्यात गोधड्या भिजवल्या. तीन.
हेरंब फोनवर ओरडला, "फिल्टर जाईल, बाबा!"
मी म्हटलं, जाऊ दे, फिल्टर मिळतो.

दुसऱ्या दिवशी, अंधार पडल्यावर,
गाऊन घालून ती कठडा धरून उतरली,
ओठांत पायऱ्या मोजत. तीनच होत्या.
मी मागच्या बाजूला उकिडवा बसलो,
सांध्याला सळई टेकवली, दुसरं टोक कानाला.

गळती नाही.
पंपाची घरघर, तिच्याखाली
टबला बांगडी लागल्याचा आवाज,
आणि तिचं बोलणं, कुणाशी कोण जाणे.
शब्द लागत नव्हते.
सळई जरा सरकवून पाहिली.